नभोवाणीच्या आरंभकाळातील भोंदू वैद्यकी : ब्रिंक्ली प्रकरण आणि त्याचा महाराष्ट्रासाठी बोध

सारांश : १९२० ते १९४० या दोन दशकांत अमेरिकेतील जॉन ब्रिंक्ली या चिकित्सकाने बोकडाच्या वृषणग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून पुरुषत्व परत मिळवून देण्याचा दावा केला आणि नभोवाणीच्या साहाय्याने अफाट संपत्ती व लोकप्रियता मिळविली. प्रस्तुत लेखात या प्रकरणाची कारणमीमांसा केली असून त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे यांनी चालविलेल्या कार्याशी त्याची तुलना केली आहे. भोंदू चिकित्सकाचे खरे भांडवल औषध नसून रुग्णाला कोठेही विचारता न येणारा प्रश्न हे असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : भोंदू वैद्यकी, नभोवाणी, जाहिरात, वैद्यकीय नोंदणी, आरोग्यशिक्षण.

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना सामान्यतः शोध, संशोधक आणि रुग्णालये यांचा विचार होतो. परंतु शास्त्राच्या सावलीत वाढणाऱ्या भोंदू वैद्यकीचाही एक समांतर इतिहास आहे आणि समाजाचे आरोग्य समजून घेण्यासाठी तो तितकाच महत्त्वाचा आहे. भोंदूच्या नादी लागणारे लोक अडाणी असतात, असे एक सोपे उत्तर आपण देऊन मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे. ब्रिंक्लीकडे जाणाऱ्यांत शेतकरी होते, तसे व्यापारी व वृत्तपत्रसृष्टीतील प्रतिष्ठितही होते. सुशिक्षित माणूसही ज्या वाटेने जातो, त्या वाटेची रचना तपासणे आवश्यक ठरते.

नवे माध्यम आणि जुनी व्याधी यांची गाठ पडली की काय घडते, हे पाहण्यासाठी नभोवाणीचा आरंभकाळ हा उत्तम नमुना आहे. आज घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावीही प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे हे परदेशी प्रकरण आपल्याला वाटते तितके दूरचे नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. ब्रिंक्लीच्या उदयामागील वैद्यकीय, सामाजिक व तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
२. त्याला आवर घालण्यासाठी योजलेल्या उपायांचे यशापयश पाहणे.
३. त्याच काळातील महाराष्ट्रातील व भारतातील परिस्थितीशी तुलना करून महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने बोध मांडणे.

विकत घेतलेली पदवी

जॉन रोम्युलस ब्रिंक्ली याचा जन्म ८ जुलै १८८५ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डोंगराळ भागात झाला. बालपणीच आई वारली. तारायंत्रावर संदेश पाठविण्याचे काम त्याने काही वर्षे केले. पुढे १९०८ मध्ये शिकागो येथील बेनेट वैद्यकीय महाविद्यालयात त्याने प्रवेश घेतला. पण अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. १९१३ मध्ये साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे एका भागीदारासह त्याने दवाखाना थाटला आणि पुरुषत्वाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना रंगीत पाण्याची इंजेक्शने टोचली. एका इंजेक्शनचे २५ डॉलर घेतले जात. देणेकऱ्यांची बाकी थकवून दोघांनी गाव सोडले.

१९१५ मध्ये कॅन्सस सिटीतील एका संस्थेकडून त्याने वैद्यकाची पदवी विकत मिळविली. या काळातील अमेरिकन वैद्यकीय शिक्षणाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. अब्राहम फ्लेक्सनर यांचा सुप्रसिद्ध अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि दर्जाहीन वैद्यकीय शाळा बंद पडू लागल्या होत्या. पण पदव्यांचा बाजार संपला नव्हता. एका राज्याने दिलेला परवाना दुसरे राज्य फारशी चौकशी न करता मान्य करी. या सवलतीचा लाभ घेऊन ब्रिंक्ली आर्कान्ससमधून कॅन्ससमध्ये आला. म्हणजेच कागदोपत्री तो परवानाधारक डॉक्टर होता. 'पदवी नसलेला तो भोंदू' ही आपली नेहमीची व्याख्या येथे अपुरी पडते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

१९१७ मध्ये तो मिलफर्ड या सुमारे दोनशे वस्तीच्या खेड्यात स्थायिक झाला. गव्हाची शेती आणि जनावरे हाच त्या प्रदेशाचा आधार. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याने रुग्णांची चांगली शुश्रूषा केली, असे त्याचे टीकाकारही मान्य करतात. गावाचा विश्वास त्याने अशा रीतीने मिळविला होता, हे नाकारून चालणार नाही.

ग्रंथीची कल्पना आली कोठून ?

बोकडाच्या ग्रंथीची कल्पना ब्रिंक्लीच्या डोक्यातून एकाएकी निघाली नव्हती. तिच्यामागे तत्कालीन विज्ञानाची एक वाट होती. १८८९ मध्ये पॅरिस येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचा अनुभव जाहीर केला. १९२० मध्ये सर्ज व्होरोनॉफ या शल्यविशारदाने वानराच्या ग्रंथींचे काप माणसाच्या शरीरात बसविण्यास प्रारंभ केला. अंतःस्रावी ग्रंथींचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. वृषणातील संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात १९३५ मध्ये यश आले. तोपर्यंत 'ग्रंथी' हा शब्द सर्वांना ठाऊक होता, तिचे कार्य मात्र नीट कोणालाच माहीत नव्हते. शास्त्र अर्धे समजलेले असते तेव्हा त्याच्या नावावर पूर्ण दावा करणाऱ्याला मोकळे रान मिळते.

एका शेतकऱ्याने मूल होत नसल्याची तक्रार केली, बोलता बोलता बोकडाच्या जोमाचा विषय निघाला आणि त्यातून पहिली शस्त्रक्रिया झाली, अशी कथा ब्रिंक्ली सांगत असे. पुढे त्या शेतकऱ्याला मुलगा झाला आणि त्याचे नाव 'बिली' ठेवले गेले. इंग्रजी बोलीत बोकडालाही हेच नाव आहे. जाहिरातीसाठी याहून सोयीची गोष्ट कोणती असणार ?

या शस्त्रक्रियेत वैद्यकीय तथ्य नव्हते. एका प्राण्याची ऊती दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात ठेवली, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा तिला परकी म्हणून नाकारते. शिवाय रक्तवाहिन्या जोडल्याखेरीज असा तुकडा जगू शकत नाही. तो कुजतो किंवा शोषला जातो आणि जंतुसंसर्गाचा धोका मागे राहतो. तरीही अनेकांना बरे वाटले. कारण पुरुषत्वाच्या तक्रारींत मनाचा वाटा मोठा असतो, काही तक्रारी आपोआप कमी होतात आणि एवढी रक्कम मोजल्यावर 'काही उपयोग झाला नाही' असे चारचौघांत सांगण्याची कोणाची तयारी नसते. एका शस्त्रक्रियेचा दर ७५० डॉलर होता. १९२५ च्या सुमारास फोर्डची 'मॉडेल टी' मोटार ३०० डॉलरहून कमी किमतीत मिळत असे. यावरून या रकमेचा अंदाज यावा.

नभोवाणीचा प्रवेश

१९२२ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्राचे मालक हॅरी चँडलर यांच्या निमंत्रणावरून ब्रिंक्ली कॅलिफोर्नियात गेला. त्या वृत्तपत्राचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. ते पाहताच नव्या साधनाचे सामर्थ्य त्याने ओळखले. १९२३ मध्ये मिलफर्ड येथून त्याचे 'केएफकेबी' केंद्र सुरू झाले. वैद्यकीय व्यवसायाच्या नीतिनियमांनुसार डॉक्टरने जाहिरात करणे निषिद्ध होते. पण स्वतःच्या केंद्रावरून 'व्याख्यान' देण्यास कोण अडविणार?

या केंद्रावर केवळ औषधांच्या जाहिराती असत्या, तर लोकांनी ते ऐकले नसते. त्यावर लोकसंगीत होते, बाजारभाव होते, हवामान होते, धर्मप्रवचने होती. १९२४ मध्ये काही काळ राज्याच्या कृषी महाविद्यालयाची व्याख्यानेही याच केंद्रावरून प्रसारित झाली. शिक्षकवर्गाने या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या आवाजाच्या मागोमाग महाविद्यालयाचा प्राध्यापक बोलतो, तो आवाज श्रोत्याला अविश्वसनीय कसा वाटावा ? प्रतिष्ठित संस्था व्यासपीठ वापरते तेव्हा आपली प्रतिष्ठा नकळत त्या व्यासपीठाच्या मालकाला उसनी देत असते.

नभोवाणीचे वेगळेपण तिच्या जवळिकीत होते. वृत्तपत्र वाचण्यासाठी साक्षरता लागते आणि सभेत जाण्यासाठी घराबाहेर पडावे लागते. नभोवाणीचा आवाज मात्र जेवणघरात येतो. ब्रिंक्लीची भाषा साधी, ग्रामीण आणि आपुलकीची होती. एकाकी शेतावर राहणाऱ्या प्रौढ पुरुषाला, आणि त्याच्या पत्नीलाही, आपल्याशीच कोणी खाजगीत बोलत असल्याचा प्रत्यय येई. जो विषय गावातील डॉक्टरपुढे काढण्याची लाज वाटे, तो येथे एक 'डॉक्टर' स्वतःहून काढत होता. १९३० च्या सुमारास 'रेडिओ डायजेस्ट' या नियतकालिकाच्या कौलात हे केंद्र अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय केंद्र ठरले.

पत्रांचा इतका ओघ लागला की मिलफर्डमध्ये नव्या टपाल कार्यालयाची गरज निर्माण झाली. गावाचा 'ब्रिंक्ली गोट्स' नावाचा बेसबॉल संघही उभा राहिला. हिऱ्यांच्या अंगठ्या, टोकदार दाढी, आलिशान मोटारी, पुढे विमान आणि नौका, असा त्याचा थाट होता. हा थाट निव्वळ हौस नव्हती. 'इतका श्रीमंत माणूस खोटा कसा असेल ?' असा प्रश्न लोकांच्या मनात उभा राहावा, हे त्याचे कार्य होते.

उत्पन्नाची साखळी

शस्त्रक्रियेसाठी प्रत्येक जण मिलफर्डला येऊ शकत नव्हता. यावर १९२८ च्या सुमारास 'वैद्यकीय प्रश्नपेटी' हा कार्यक्रम सुरू झाला. श्रोते पत्राने आपली लक्षणे कळवीत. ब्रिंक्ली पत्र वाचून दाखवी, रोगाचे निदान करी आणि औषध सांगण्याऐवजी क्रमांक सांगे. हे क्रमांक केवळ त्याच्या संघटनेत सामील असलेल्या औषध दुकानदारांनाच कळत. प्रत्येक विक्रीमागे ठरावीक वाटा ब्रिंक्लीला पोहोचे. अनेक गावांतील औषध दुकानदार या साखळीत सामील झाले.

रुग्णाला न पाहता, न तपासता औषध देणे हा या व्यवस्थेचा गाभा होता. पोटदुखीच्या तक्रारीमागे आंत्रपुच्छाचा दाह आहे की साधे अपचन, हे पत्रावरून कळत नाही. क्रमांकाचे औषध घेत बसलेल्या रुग्णाचा योग्य उपचाराचा वेळ निघून जातो. भोंदू औषध निरुपद्रवी असले तरी त्याने घडविलेला विलंब निरुपद्रवी नसतो.

तीन निवाडे

ब्रिंक्लीविरुद्धचा लढा प्रामुख्याने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक डॉ. मॉरिस फिशबाईन यांनी चालविला. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९३० मध्ये त्याच्या रुग्णांच्या कहाण्या प्रसिद्ध केल्या. यातून तीन स्वतंत्र निवाडे झाले.

पहिला निवाडा नभोवाणी आयोगाचा. जून १९३० मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. हे तर भाषणावरील पूर्वनियंत्रण आहे, असा युक्तिवाद ब्रिंक्लीने अपिलात केला. १९३१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. नभोवाणीच्या लहरी मर्यादित आहेत, त्या सार्वजनिक हितासाठी वापरल्या पाहिजेत आणि परवानाधारकाचे मागील वर्तन तपासणे म्हणजे पूर्वनियंत्रण नव्हे, असा या निकालाचा आशय होता.

दुसरा निवाडा वैद्यकीय मंडळाचा. सप्टेंबर १९३० मध्ये मंडळाच्या सदस्यांनी त्याची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि त्याचा कॅन्ससमधील वैद्यकीय परवाना रद्द केला. त्याने सही केलेले ४२ मृत्यूचे दाखले मंडळापुढे आले होते. त्यांतील अनेक जण रुग्णालयात आले तेव्हा आजारी नव्हते.

लोकांचा निवाडा मात्र वेगळा होता. परवाना गेल्यावर काही दिवसांतच ब्रिंक्लीने राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढविली. नाव मतपत्रिकेवर छापले गेले नव्हते, मतदारांनी ते स्वतः लिहावयाचे होते. तरीही १,८३,२७८ मते मोजली गेली. नाव विशिष्ट पद्धतीनेच लिहिलेले असावे या नियमामुळे हजारो मते बाद झाली. विजयी उमेदवाराला २,१७,१७१ मते होती. परवाना रद्द होणे हा प्रस्थापितांनी 'आपल्या डॉक्टरवर' केलेला अन्याय आहे, असे लक्षावधी मतदारांना वाटले. शास्त्रीय पुरावा समोर असूनही असे का वाटले, याचे उत्तर साधे आहे. मंडळाच्या निकालाची भाषा तज्ज्ञांची होती आणि ब्रिंक्लीची भाषा त्यांच्या घरातली होती.

यानंतर त्याने टेक्सासच्या सीमेवरील डेल रिओ येथे मुक्काम हलविला आणि नदीपलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत १९३१ मध्ये 'एक्सईआर' हे केंद्र उभारले. त्याचीच पुढील आवृत्ती असलेल्या 'एक्सईआरए'ची शक्ती ५०० किलोवॅटपर्यंत गेली. अमेरिकेत सर्वसाधारण कमाल मर्यादा तेव्हा ५० किलोवॅट होती. अमेरिकेतून दूरध्वनीच्या तारेने परदेशी केंद्राला आवाज पुरविण्यास १९३४ च्या दळणवळण कायद्याने परवानगी आवश्यक केली. तेव्हा त्याने तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून त्या सीमेपार पाठविल्या. बोकडाच्या ग्रंथींची जागा आता पुरस्थग्रंथीच्या उपचारांनी घेतली होती आणि रुग्णाला घरी नेण्यासाठी रंगीत पाण्याच्या कुप्या दिल्या जात होत्या.

तिसरा निवाडा त्याने स्वतःच ओढवून घेतला. १९३८ मध्ये फिशबाईन यांनी 'हायजिया' मासिकात त्याला उघडपणे भोंदू म्हटले. ब्रिंक्लीने अडीच लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला. १९३९ मध्ये डेल रिओ येथे ज्यूरीने फिशबाईन यांच्या बाजूने कौल दिला आणि १९४० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. न्यायालयाने त्याला भोंदू म्हणणे योग्य ठरविल्यावर रुग्णांचे भरपाईचे दावे सुरू झाले. १९४१ मध्ये तो दिवाळखोर झाला. त्याच वर्षी लहरींच्या वाटपाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि मेक्सिकोने केंद्र बंद केले. २६ मे १९४२ रोजी त्याचा मृत्यू झाला. टपालाद्वारे फसवणुकीचा खटला तेव्हा अनिर्णित होता.

भारतात असे का घडले नाही ?

मुंबईत रेडिओ क्लबचे प्रसारण १९२३ मध्ये, म्हणजे मिलफर्डच्या केंद्राच्याच वर्षी सुरू झाले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने प्रसारण ताब्यात घेतले. १९३६ पासून ते 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आले. खाजगी केंद्रच नसल्यामुळे खाजगी डॉक्टरचे केंद्र असण्याचा प्रश्न उद्भवला नाही. १९५२ नंतर बा. वि. केसकर यांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली, तेव्हा श्रोते व जाहिरातदार रेडिओ सिलोनकडे वळले. सीमेपलीकडील केंद्राने आपल्या श्रोत्यांना ओढून घ्यावे, हा मेक्सिकोचाच प्रकार. सुदैवाने तेथून आपल्याकडे प्रामुख्याने गाणी आणि दंतमंजन आले. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली ती सरकारी जाहिरात-नियमांसह.

याचा अर्थ आपल्याकडे व्याधी नव्हती असा नाही. तिचे माध्यम वेगळे होते. वृत्तपत्रांतील 'धातुपौष्टिक' व 'शक्तिवर्धक' औषधांच्या जाहिराती आणि टपाल खात्याची व्ही. पी. ची सोय यांनी तीच साखळी येथे उभी केली. बंद पुडके घरी येते, पोस्टमनला पैसे दिले की संपले. कोणाला तोंड दाखवावे लागत नाही. ब्रिंक्लीच्या क्रमांकांचे हे देशी रूप म्हणता येईल. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. परंपरागत वैद्य म्हणजे भोंदू नव्हे. १९३८ च्या मुंबई वैद्यव्यावसायिक कायद्याने वैद्य-हकिमांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली होती. भोंदूपणा पद्धतीत नसून दाव्यात आणि व्यवहारात असतो.

त्याच पत्रांचे दुसरे उत्तर

ब्रिंक्लीची 'प्रश्नपेटी' सुरू होण्याच्या सुमारासच, जुलै १९२७ मध्ये, मुंबईत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या कार्यामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. त्यांच्याकडेही वाचकांची पत्रे येत. प्रश्न जवळजवळ तेच होते. लैंगिक शक्तीची काळजी, हस्तमैथुनाची भीती, अपत्यासंबंधीच्या शंका. मिलफर्डला आणि मुंबईला येणाऱ्या लिफाफ्यांत एकच लाज बंद केलेली होती.

उत्तरे मात्र भिन्न होती. ब्रिंक्लीने भीती वाढवून क्रमांक विकला. कर्व्यांनी छापील पानावर, सर्वांना वाचता येईल अशा रीतीने, कारणे देऊन भीती कमी करण्याचा प्रयत्न केला. त्यांची सर्वच मते आज मान्य होतील असे नाही. पण ती उघड असल्यामुळे कोणालाही खोडून काढता येत होती. दोघांना मिळालेले फळही बोलके आहे. ब्रिंक्ली विमानातून फिरत असताना कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले चालले. १९३४ मधील खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरी निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या निधनापर्यंत चालले.

या तुलनेतून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. वैद्यकीय पदवी आणि परवाना ब्रिंक्लीकडे होता, कर्व्यांकडे नव्हता. म्हणून पदवी ही आवश्यक कसोटी असली तरी पुरेशी नाही. दावा उघड आहे का, तो तपासता येतो का, सांगणाऱ्याचा लाभ कशात आहे आणि तो रुग्णाला गरज पडताच दुसऱ्या जाणकाराकडे पाठवितो का, या चार प्रश्नांनी भोंदू ओळखावा लागतो.

कायद्याची वाटचाल

वैद्यकीय पदव्यांच्या बाजाराला आळा घालण्यासाठी भारतात १९१६ मध्येच कायदा झाला होता. जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आला. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या आणि अनुसूचीतील रोग बरे करण्याच्या जाहिराती त्याने निषिद्ध केल्या. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड अशी मूळ तरतूद होती. विशेष म्हणजे स्त्रियांच्या गर्भप्रतिबंधक साधनांच्या जाहिरातीही याच कलमात आल्या. भोंदू आणि कर्वे यांच्यात भेद न करणारा कायदा लाजेतून कसा घडतो, याचे हे उदाहरण होय.

१८ डिसेंबर १९५९ च्या हमदर्द दवाखाना प्रकरणातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाखाली येत नाही, असे ठरविले. त्याचबरोबर शासनाला दिलेले काही अनिर्बंध अधिकार रद्द केले. १९९५ च्या टाटा प्रेस प्रकरणात व्यापारी जाहिरातीला संरक्षण मान्य झाले, परंतु फसव्या जाहिरातीला नाही. १९३१ च्या अमेरिकन निकालाशी या विचाराचे नाते सहज लक्षात येते.

महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यकव्यवसायी कायद्याच्या ३३ व्या कलमाने नोंदणीशिवाय व्यवसाय करणे गुन्हा ठरविले. १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणाऱ्यास भोंदू म्हटले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करण्याचाही समावेश आहे. शेतीप्रधान यवतमाळ जिल्ह्यात या कलमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

निष्कर्ष

१. भोंदू वैद्यकीचा उदय लोकांच्या अज्ञानापेक्षा त्यांच्या अवघडलेपणावर अधिक अवलंबून असतो. ज्या व्याधीविषयी बोलता येत नाही, तिचा बाजार सर्वांत मोठा असतो.
२. नवे माध्यम भोंदूला जन्म देत नाही. ते त्याला एकांत आणि जवळीक पुरविते. बोकडाची ग्रंथी गेली, तरी क्रमांकांची साखळी नव्या रूपात पुन्हा उभी राहू शकते.
३. कायदा नेहमी मागून येतो. ब्रिंक्लीविरुद्धच्या पहिल्या निवाड्यापासून त्याच्या दिवाळखोरीपर्यंत अकरा वर्षे गेली. दरम्यान सीमा, तबकड्या आणि मतपेटी यांचा त्याने उपयोग करून घेतला.
४. लाजेतून केलेला कायदा भोंदूइतकाच प्रामाणिक शिक्षकावरही चालतो.
५. प्रतिष्ठित संस्थांनी आपले नाव व व्यासपीठ कोणाला देतो आहोत, याची खबरदारी घेतली पाहिजे.

समारोप

आठवडी बाजारात ध्वनिक्षेपक लावून जडीबुटी विकणारा, बसस्थानकाच्या भिंतीवरील 'गुप्तरोग' तज्ज्ञांचा फलक आणि भ्रमणध्वनीवर रात्री एकट्याने पाहिलेली औषधाची चित्रफीत यांत अंतर आहे ते केवळ साधनांचे. आपल्या वर्गातील विद्यार्थी यांपैकी कोणाकडे जाईल, हे पुष्कळ अंशी त्याला आपल्याकडे प्रश्न विचारता येतो की नाही यावर ठरते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक'ची सोय आहे; पण तेथपर्यंतची वाट विद्यार्थ्याला कोणी तरी दाखवावी लागते.

म्हणून एक लहान उपाय सुचवावासा वाटतो. प्रत्येक महाविद्यालयात नाव न लिहिता प्रश्न टाकता येईल अशी एक पेटी असावी, ती महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांच्या उपस्थितीत उघडावी आणि उत्तरे सर्वांसमोर द्यावीत. ब्रिंक्लीनेही पेटीच ठेवली होती. फरक इतकाच की त्याच्या पेटीतून क्रमांक निघत असे. आपल्या पेटीतून कारण निघावे. त्या पेटीत पहिली चिठ्ठी पडण्यास कदाचित बरेच दिवस लागतील. तेवढी वाट पाहण्याची तयारी शिक्षकाने ठेवली पाहिजे, कारण समोरच्या दुकानदाराची तयारी आधीच झालेली आहे.